आधी ध्रुपद धरा

यंदाच्या जानेवारीत, म्हणजे २०२६ उजाडताच, साताऱ्यात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. नव्याण्णवावं. मांडव उतरला, पाहुणे कंदी पेढ्यांचे पुडे घेऊन आपापल्या गावी गेले. एक भांडण मात्र इथेच विसरून गेले. कविता कोणी लिहावी, हे ते भांडण. मोती चौकापासून पोवई नाक्यापर्यंत कुठेही चार लिहिणारी माणसं एकत्र आली की ते पुन्हा उकरून निघतं. एका बाजूचं म्हणणं असं की कवी फार झालेत. मंचावर कवी, समोर कवी, चहा वाटणाऱ्याच्या खिशातही एक कविता. ज्याच्यात मुळात प्रतिभा नाही त्याला उगाच हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका, स्फूर्ती यायची त्याला येते. दुसरी बाजू म्हणते, प्रत्येकाच्या आत कवी असतोच, त्याला हवा असतो तो फक्त आत्मविश्वास. लिहा, बिनधास्त लिहा, मनात येईल ते लिहा, लोक काय म्हणतील याचा विचार करू नका.

मला दोन्ही बाजू चुकलेल्या वाटतात, आणि गंमत म्हणजे दोघांची चूक एकच आहे. स्फूर्ती काय, आत्मविश्वास काय, हे लिहायला बसण्याआधी गाठीला असावं लागणारं भांडवल आहे असं दोघेही धरून चालतात. एक म्हणतो ते देवाकडून मिळतं, दुसरा म्हणतो ते टाळ्यांतून मिळतं. माझं म्हणणं असं की या दोन्ही गोष्टी मागून येतात. आधी लागतं ते निराळंच: कानात मुरलेलं दुसऱ्याचं काव्य, आणि आपली ओळ हात धरून अडवणारं एक तरी माणूस. हे दोन्ही नसताना आलेली स्फूर्ती ही उबळ असते, आणि आलेला आत्मविश्वास हा बहुतेक वेळा ऐकायला कमी येत असल्याचा परिणाम असतो.

'स्फूर्ती' हा शब्द मराठी कवितेत सगळ्यात अधिकारानं जिथे आला आहे, तिथेच जाऊन पाहू. 'याती शूद्र वंश केला वेवसाव' हा तुकोबांचा अभंग. आपल्या आयुष्याची हकिकत त्यांनी त्यात स्वतःच सांगितली आहे. दुष्काळानं पैसा आटला, मान गेला, एक बायको अन्न अन्न करत गेली, भंगलेलं देऊळ बांधावंसं वाटलं, एकादशीला कीर्तन सुरू केलं. पण अभ्यासात चित्त नव्हतं, हेही कबूल करून टाकलंय. मग ते म्हणतात, 'कांहीं पाठ केलीं संतांचीं उत्तरें । विश्वासें आदरें करोनियां'. त्याच्या पुढे, 'गाती पुढें त्यांचें धरावें धृपद'. म्हणजे पुढे जे गात होते त्यांच्या मागे उभं राहून पालुपद धरलं. तुकाराम महाराज, ज्यांच्या नावावर आज अख्खी वारी गाते, ते आधी मागच्या ओळीत उभे होते, टाळकऱ्यांत. आणि या सगळ्यानंतर ती ओळ येते: 'यावरी या जाली कवित्वाची स्फूर्ती'.

यावरी! या एका शब्दापाशी मी थांबायला सांगतो. स्फूर्ती झाली हे खरं, पण 'यावरी' झाली. पाठांतर झाल्यावर, ध्रुपद धरून झाल्यावर. इथे पहिल्या बाजूचे लोक लगेच म्हणतील, की त्याच अभंगात स्वप्नातल्या गुरूपदेशाचीही गोष्ट आहे, आणि दुसऱ्या एका अभंगात नामदेव स्वप्नात येऊन कविता करायला सांगतात. आहेच. पण नामदेव कुणाच्या स्वप्नात येतील? ज्याला नामदेवांचे अभंग पाठ आहेत त्याच्याच ना? साक्षात्कारालाही आधी ओळखपाळख लागते.

दुसऱ्या बाजूच्या लोकांनी त्याच अभंगात आणखी थोडं पुढे वाचावं. 'निषेधाचा कांहीं पडिला आघात । तेणें मध्यें चित्त दुखविलें'. नंतर वह्या बुडवणं आणि धरणं धरून बसणं. एवढ्या मोठ्या कवीचंही मन दुखावलं होतं, त्यांनी ते लपवलं नाही, आणि 'मला काय फरक पडतो' असा आवही आणला नाही. आत्मविश्वास म्हणजे शंका नसणं, ही आजची समजूत तुकोबांना कुणी सांगितली असती तर त्यांनी नक्की दोन खणखणीत अभंग सुनावले असते.

साताऱ्यात बसून कवितेविषयी बोलायचं आणि सज्जनगडाकडे पाठ करायची, हे बरं नव्हे. 'दिसामाजी काहीतरी ते लिहावे' ही समर्थांच्या नावावर सांगितली जाणारी ओळ 'बिनधास्त लिहा'वाल्यांना फार प्रिय. फलकांवर असते, वहीच्या पहिल्या पानावर असते. तिचा दुसरा अर्धा भाग अखंड वाचत जाण्याबद्दल आहे. तो कुणी फलकावर रंगवत नाही, जागा पुरत नसावी. आणि दासबोधाच्या चौदाव्या दशकातला कवित्वकलेचा समास तर हे लोक उघडतच नाहीत, कारण तिथे समर्थांनी कवित्वाचे जे तीन प्रकार सांगितले आहेत त्यातला पहिलाच आहे 'धीट'. जे जे आपल्या मनास आलं ते धीटपणानं, बळेच रचलं, त्याला धीट म्हणायचं. झटपट जुळवलं, दृष्टीस पडलं तेच वर्णन केलं, असल्या कवित्वालाही ते याच रांगेत बसवतात. ज्याला आज आपण आत्मविश्वास म्हणून विकतो आहोत, त्याची समर्थांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी एक खालची पायरी करून ठेवली होती.

पण त्यांनी दुसरी पायरी सांगितली ती 'पाठ', आणि इथे माझं समर्थांशी थोडं वाजतं. पाठ म्हणजे पुष्कळ ग्रंथ पाहिले, पाठांतर केलं आणि त्याबरहुकूम आपणही उतरवून काढलं. तिसरं 'प्रासादिक', म्हणजे भक्तीतून आपसूक आलेलं, आणि खरं कवित्व तेवढंच. समर्थांचा रोख नकलेवर आहे, तो बरोबरच आहे. पण तुकोबांच्या अभंगाशेजारी हा समास ठेवला की दिसतं, की 'पाठ' आणि 'प्रासादिक' हे दोन वेगळे कवी असायला हवेत असं नाही. एकाच माणसाचे ते दोन काळ असू शकतात. पाठात अडकून पडणं वाईट. पाठाला वळसा घालून प्रसादाला जायची वाट मला तरी कुठे दिसलेली नाही.

उदाहरण जवळचंच घेऊ. बा. सी. मर्ढेकरांचा जन्म खानदेशात फैजपूरचा, पण आडनाव आपल्या साताऱ्याकडच्या मर्ढे गावाचं. मराठी कविता ज्यानं उलथीपालथी केली असं आपण शिकवतो, त्या कवीचा पहिला संग्रह 'शिशिरागम', १९३९ सालचा. तो वाचून बघा. नाजूक, गोड, आणि मागच्या पिढीच्या सावलीत वाढलेला. 'काही कविता' आला १९४७ ला. मधली आठ वर्षं हा माणूस आत्मविश्वासाच्या शोधात होता, की कान बदलत होता? आणि बदललेल्या कानानं त्यानं धरलं काय, तर ओवी आणि अभंग! यंत्रयुगाची किळस, शहराची घुसमट, पिंपातले उंदीर, हे सगळं त्यानं संतांच्या मापात ओतलं. पुढे अश्लीलतेचा खटला झाला, १९५२ मध्ये निर्दोष सुटले. नव्यातला नवा कवी जुन्यातल्या जुन्याचं ध्रुपद धरून उभा होता, म्हणून तो आघात त्याला पेलला असं मला वाटतं. हे माझं मत आहे, पुराव्यानं शाबीत करून देता येणार नाही.

आता पहिल्या बाजूचा सगळ्यात बळकट मुद्दा. प्रतिभा शिकवता येत नाही. हे मी बिनशर्त मान्य करतो. सगळी वृत्तं तोंडपाठ असलेले, मात्रा बोटांवर मोजून दाखवणारे, आणि आयुष्यात एक जिवंत ओळ न लिहिलेले लोक मी पाहिले आहेत. त्यातल्या एकाला रोज दाढी करताना आरशात पाहतो. पण हा मुद्दा जुन्या शास्त्रकारांच्या जिवावर मांडायचा असेल तर शास्त्रकार पुरते वाचावेत. मम्मटानं 'काव्यप्रकाशा'त काव्याची कारणं सांगितली: शक्ती, म्हणजे जन्मजात प्रतिभा, निपुणता, जी लोकव्यवहार, शास्त्रं आणि काव्यं पाहून येते, आणि काव्य जाणणाऱ्याकडून शिकून केलेला अभ्यास. तीन सांगितली आणि 'हेतु' हा शब्द मात्र एकवचनी ठेवला. म्हणजे तीन मिळून एक कारण. यातलं एकच उचलून दुसऱ्याला गप्प बसवायचं, हे मम्मटाला मंजूर नाही. शिवाय शक्ती आहे की नाही हे कळायचं कसं? कपाळावर लिहिलेलं नसतं. निपुणता आणि अभ्यास पुरते खर्च झाल्याशिवाय शिल्लक काय ते समजत नाही. मग 'तुझ्यात ते नाही' असं विशीतल्या मुलाला सांगणारे हे कोण?

राजशेखरानं तर कवीचं वेळापत्रकच आखून दिलं आहे. दिवसाचे प्रहर पाडून कधी वाचायचं, कधी रचायचं, कधी रचलेलं चारचौघांत तपासून घ्यायचं, ते सांगितलं आहे. त्याच्या 'काव्यमीमांसे'त कवींचे जे प्रकार येतात त्यातला एक मला फार आवडतो: 'दत्तावसर'. चाकरी-धंद्यातून सवड मिळेल तेव्हा लिहिणारा. हजार वर्षांपूर्वीच्या त्या पंडिताला नोकरदार कवीसाठी एक स्वतंत्र, सन्मानाचा शब्द करावासा वाटला. आणि आपण मात्र 'हौशी' म्हणून नाक मुरडतो.

स्फूर्ती ठरल्या वेळी येते का, हा प्रश्न ज्याला पडतो त्यानं आटपाडी तालुक्याकडे पाहावं. गदिमांचा जन्म शेटफळ्याचा, गाव माडगूळ. माणदेशातलं हे पोर मॅट्रिकही पार करू शकलं नव्हतं. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं आणि वर्षभर आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीतं झाली. बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, चाल बांधणार, वादक बसणार, गाणारे तालीम करणार. आणि हे सगळं व्हायच्या आधी कवीनं कागद द्यायचा. स्फूर्ती काय दर आठवड्याला एसटीसारखी वेळापत्रकानं येत होती? प्रतिभा होतीच, कोण नाही म्हणतो. पण तिच्या हाताशी काय काय होतं ते मोजा: कीर्तनातली आख्यानं, जात्यावरच्या ओव्या, पोवाडे, लावण्या, सिनेमाच्या गाण्यांची वर्षानुवर्षांची हातघाई. माडगुळ्याच्या शेतातला तो 'बामणाचा पत्रा', त्यांची लिहायची जागा, लोक आज भक्तिभावानं पाहायला जातात. जावं. फक्त जागेत स्फूर्ती शोधू नये, एवढंच.

दुसरा मोठा आक्षेप पुराचा. फार लिहिलं जातंय, बहुतेक वाईट लिहिलं जातंय, आणि वाईटाच्या गर्दीत चांगलं बुडतंय. यातही तथ्य आहे. ज्यांना रोज सकाळी मोबाईल उघडल्यावर 'सुप्रभात'सोबत सहा चारोळ्या मिळतात त्यांना ते वेगळं सांगायला नको. आता तर मोबाईललाच सांगितलं की तो पावसावर कविता करून देतो, चार सेकंदांत. आणि आत्मविश्वासाची त्याच्याकडे मुळीच वानवा नाही. पण पुरावर उपाय म्हणून लोकांना घाटावरून हुसकावून लावणं हे कुठलं शहाणपण? शंभर वर्षांपूर्वी हीच तक्रार होती. पुण्यात रविकिरण मंडळ जमलं ते १९२३ च्या सुमारास. त्यात आपल्या चाफळचे यशवंत होते, साताऱ्यात जन्मलेले गिरीश होते. चहा पीत एकमेकांच्या कविता ऐकायच्या, गायच्या, छापायच्या. त्यांचं पाहून गावोगाव मंडळं निघाली, जो तो 'प्रणय' आणि 'हृदय' यांची यमकं जुळवू लागला. मग १९२५ मध्ये अत्र्यांनी 'झेंडूची फुले' काढून सगळ्यांची रेवडी उडवली.

ही गोष्ट पहिल्या बाजूचे लोक मिटक्या मारत सांगतात. पण नीट बघा. विडंबन करायचं तर मूळ कविता ओळ न् ओळ कानात असावी लागते. अत्र्यांनी 'कवी फार झालेत' असा उसासा टाकला नाही. त्यांनी त्या कविता इतक्या बारकाईनं वाचल्या की त्यांच्या खोड्या उचलून दाखवता आल्या. टीका म्हणून एवढी मेहनत आज कोण घेतं? संमेलनात कविकट्ट्यावर नाक मुरडणाऱ्यांपैकी किती जण तिथे तासभर बसून ऐकतात? न ऐकताच कंटाळलेल्या माणसाला टीकाकार म्हणायला मी तयार नाही.

तिसरा मुद्दा दुसऱ्या बाजूचा, आणि माझ्या मते या सगळ्या वादातला सर्वांत वजनदार. ज्यांना शतकानुशतकं तोंड उघडू दिलं नाही, त्यांना आधी तोंड उघडू द्या. व्याकरण, वृत्त, परंपरा यांचे पहारे नंतर बसवा. याला मान खाली घालूनच उत्तर द्यावं लागतं, कारण परंपरा हा शब्द पुष्कळदा दारावर उभा करून ठेवलेला रखवालदारच असतो. तरीही विचारतो. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे शाळेत जेमतेम दीड दिवस गेले असं सांगतात. त्यांना काय कुणी 'तुम्ही छान लिहिता, लिहीत राहा' म्हणून पाठ थोपटल्यामुळे 'माझी मैना गावावर राहिली' सुचली? त्यांच्या मागे तमाशाचा फड होता, छक्कड होती, गण-गवळण होती, आणि समोर असा कामगार होता जो आवडलं नाही तर उठून जाई. तसंच रेठरे हरणाक्षच्या पठ्ठे बापूरावांचं. कुलकर्णीपण सोडून हा माणूस फडात उभा राहिला. फडातला श्रोता प्रमाणपत्र देत नाही. सवालाला जवाब जमला नाही तर शिट्ट्या वाजतात. वंचिताला आवाज मिळाला तो कौतुकातून नव्हे, त्याच्याच घरच्या मापातून. म्हणून कुणी नवखा, कुणी शेतमजुराचा मुलगा कविता घेऊन आला की 'वा वा, छान' म्हणून त्याची बोळवण करणं मला औदार्य वाटत नाही. त्याची ओळ अडवण्याइतकी किंमत आपण तिला देत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

बहिणाबाईंचं नाव या वादात दोन्हीकडून येतं. एक म्हणतो, पाहा, शिक्षण नाही, तरी प्रतिभा. दुसरा म्हणतो, पाहा, कुणीही लिहू शकतं. शाळा नव्हती हे खरं, पण जातं होतं. जात्यावर बसणाऱ्या बाईला आत्मविश्वास आहे का असं कुणी विचारलं नाही, तिनंही स्वतःला विचारलं नाही. जात्याचा फेर ओवीचं माप देतो, सासूची आणि जावेची ओवी आधीच कानात असते, आणि समोर बसलेली जोडीदारीण लगेच पुढची ओवी टाकते. महाराष्ट्रातल्या खेडोपाडी फिरून हेमा राईरकर आणि गी प्वातव्हां यांनी गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या लाखाच्या वर आहेत. एवढ्या बायकांना स्फूर्ती आली कुठून? पहाटे चार वाजता दळण संपवायचं होतं म्हणून आली. आणि गिरणी आल्यावर ओवी थांबली ती बायकांची प्रतिभा आटली म्हणून नव्हे. माप हातातून गेलं आणि जोडीदारीण समोरून उठली.

कौतुकानं काय होतं याचा अनुभव मला घरचा आहे. तेविसाव्या वर्षी माझा संग्रह निघाला. पैसे माझेच. प्रस्तावना लिहिणाऱ्यांनी 'मराठी कवितेच्या क्षितिजावर' वगैरे लिहिलं. त्यांनी कविता चाळल्याही नव्हत्या हे पुढे त्यांच्याच तोंडून कळलं. प्रकाशन झालं, हार झाले, भाषणं झाली. तीनशे प्रती छापल्या होत्या, त्यातल्या दोनशेच्या वर अजून आमच्या दिवाणाखाली आहेत. दिवाळीच्या साफसफाईला बायको दरवर्षी त्या पुसते आणि काही बोलत नाही. पुस्तक विकलं गेलं नाही याचं दुःख कधीच सरलं. एकानंही तेव्हा 'ही ओळ खोटी आहे' असं म्हटलं नाही, याचं दुःख अजून आहे. पुढे आठ-नऊ वर्षं मी तीच कविता लिहीत राहिलो. आजच्या मुलांना तर पुस्तकही काढावं लागत नाही. एखाद्या समूहात कविता टाकली की सायंकाळी सोनेरी किनारीचं 'सर्वोत्कृष्ट' प्रमाणपत्र मोबाईलवर येतं. एका मुलानं मला अशी चाळीस दाखवली. एकेचाळिसावी कविता पहिल्यासारखीच होती.

याच्या उलट बाजूला सुरेश भटांची 'गझलेची बाराखडी' ठेवा. छोटीशी पुस्तिका. गझल म्हणजे काय, काफिया म्हणजे यमक कुठे, त्यामागून तसाच येणारा रदीफ कुठे, वृत्त कसं सांभाळायचं, एवढंच त्यात. 'तुम्हीही करू शकता' असला मंत्र नाही. ती वाचून गावोगावची पोरं गझल लिहू लागली. बरी किती, वाईट किती, हा हिशेब वेगळा. पण धीर आला तो कशानं? हातात पट्टी-गुण्या आल्यानं. सुताराच्या पोराला रंधा कसा धरायचा हे दाखवलं की 'स्वतःवर विश्वास ठेव' असं वेगळं सांगावं लागत नाही.

आणि भाषेचं काय? आमच्या भागात लिहायला घाबरणाऱ्या दहांपैकी आठ जणांची भीती कवितेची नसते, स्वतःच्या बोलीची असते. घरी 'न्हाय, व्हय, आन् मंग' बोलणारं माणूस वही उघडलं की 'निशा' आणि 'चंद्रमा'च्या घरी पाहुणं जातं, आणि परक्या घरी माणूस अवघडून बसतं तसं अवघडतं. त्या अवघडलेपणाला आपण आत्मविश्वासाचा अभाव हे नाव देऊन मोकळे होतो.

आम्ही सात-आठ जण शनिवारी संध्याकाळी एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसतो. नियम दोनच. आधी दुसऱ्या कुणाची तरी पाठ असलेली कविता म्हणायची, मग आपली. हारतुरे नाहीत, चहा ज्याचा त्यानं. एसटीत कंडक्टर असलेल्या एक ताई गेल्या पावसाळ्यात पहिल्यांदा आल्या. वहीतून कविता वाचली. तीत विरहाग्नी होता, तारका होत्या, नयनी आसवं होती. दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. निवृत्त तलाठी असलेल्या आण्णांनी वाजवल्या नाहीत. ते म्हणाले, "ताई, आज ड्यूटी कुठली होती?"

"सातारा-दहिवडी."

"गर्दी?"

मग त्या बोलत सुटल्या. बायकांच्या अर्ध्या तिकिटामुळे सुट्ट्यांचा होणारा घोळ, खिडकीवरून भांडणं, आणि पुसेगावच्या अलीकडे एका फाट्यावर उतरलेली म्हातारी. तिचे दोन रुपये परत द्यायचे राहिले होते. घंटी मारली, गाडी सुटली, आणि मग आठवलं. म्हातारी मागे धुळीत उभी, हात वर केलेला. तो पैशासाठी होता का निरोपासाठी, कुणाला ठाऊक. ताई म्हणाल्या, "त्या म्हातारीचं दोन रुपय अजून माझ्या पिशवीत वाजत्यात."

खोली गप्प झाली. आण्णांनी विचारलं, "ही ओळ वहीत का नाही?"

"आवो, ही काय कविता हाय व्हय? हे तर बोलणं झालं."

पुढचे तीन शनिवार त्या आल्या नाहीत. ड्यूटी लागली असेल, किंवा राग आला असेल. चौथ्या शनिवारी आल्या. नियमाप्रमाणे आधी पाठ असलेलं म्हणायचं होतं, तर त्यांनी आजीकडून ऐकलेल्या चार ओव्या म्हटल्या, खाली बघत, जात्याच्या लयीत मान हलवत. मग वही काढली. बारा ओळी होत्या. तारका एकही नव्हती. म्हातारी होती, फाटा होता, आणि ती ओळ होती. या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि ते ताईंच्या लक्षात आलं असावं, कारण वही मिटून त्या आण्णांकडेच बघायला लागल्या.

आण्णा चष्मा पुसत होते. म्हणाले, "दोन रुपये म्हणजे एक नाणं. एकटं नाणं वाजतं होय?"

"पिशवीत बाकीची चिल्लर असती की."

"मग वाजतंय ते सगळंच वाजतंय. म्हातारीचंच कसं?"

ताई थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बाकीची समदी म्हामंडळाची हाय, आण्णा. रातच्याला डेपोत भरायची. त्येवढंच एक माझ्याकडं ऱ्हातंय."

"हे कुठं आहे वहीत?"

ताईंनी वही पुन्हा उघडली आणि शेजारच्याकडे पेन मागितलं.